मामांची नोकरी कोणी घालवली?

स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा शाळेचा निरोप आला तेव्हा प्रथम आठवली ती वसतिगृहात येताना माझ्यासोबत असलेली पत्र्याची पेटी. ती मामांनी घेऊन दिली होती. मामा मुंबईतील एका कापड गिरणीत कामाला होते. दरमहा त्यांची मनिऑर्डर आजीच्या नावाने येई आणि तिच्यातूनच माझ्या वह्या, साबण, चादर यांची सोय होई. स्मरणिकेत सुखाच्या आठवणी लिहाव्यात असा प्रघात आहे. मी मात्र आज माझी एक चूक लिहिणार आहे, कारण ती चूक आपल्या अनेक घरांत अजूनही घडते आहे.

18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांत मामाही होते. वर्ष उलटले, दीड वर्ष उलटले. मामांना पुन्हा कामावर घेतले गेले नाही. लालबागची खोली सोडून मामा-मामी गावी आले आणि मामा मिठागरावर मजुरीला जाऊ लागले. एका रविवारी ते मला भेटायला वडखळ नाक्यावरून चालत आले. मिठाच्या पाण्याने त्यांच्या पायांना भेगा पडल्या होत्या, सदरा विटला होता. मित्रांनी विचारले, ‘‘कोण रे हे?’’ मी म्हणालो, ‘‘आमच्या गावचे आहेत.’’ मामांनी ते ऐकले. ते काही बोलले नाहीत. रुमालात बांधून आणलेले शेंगदाणे त्यांनी माझ्या हातात दिले आणि आल्या वाटेने परत गेले.

त्या काळात घरात मामांविषयी जे बोलले जाई, तेच मी खरे मानत होतो. कोणी म्हणे, पुढाऱ्यांच्या नादी लागला. कोणी म्हणे, चार बुके जास्त शिकला असता तर ही पाळी आली नसती. आणि मामा स्वतः म्हणत, ‘‘माझं नशीबच फुटकं.’’ या तिन्ही वाक्यांत नोकरी गेल्याचा दोष एकट्या मामांवर येत होता. पुढे मी शिकलो, नोकरीला लागलो, थोडे वाचन केले. तेव्हा त्या नोकरीमागची कारणे एकेक करून उलगडत गेली.

पहिले कारण मामांच्या जन्माच्याही आधीचे होते. मुंबईच्या गिरण्यांत अधिक मजुरीचे विणकाम खाते अस्पृश्य कामगारांना बंद होते. धोट्यातील धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडचा धागा इतरांना चालत नसे. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला होता. मामा 1962 साली गिरणीत लागले. तेव्हा अस्पृश्यता कायद्याने संपली होती. तरीही ते कमी पगाराच्या रिंग खात्यातच लागले, कारण त्यांचे चुलते तेथे होते आणि ओळखीने मिळणारी नोकरी ओळखीच्याच खात्यात मिळे. कोणीही त्यांना ‘तू इकडे येऊ नकोस’ असे म्हटले नाही. जुनी बंदी आता रीत म्हणून चालत होती. वीस वर्षांच्या नोकरीनंतर हाती शिल्लक का नव्हती, याचे उत्तर मामांच्या उधळेपणात शोधण्याचे कारण नाही.

दुसरे कारण जमिनीचे. संप लांबला तेव्हा अनेक कामगार कोकणात आणि देशावर आपापल्या गावी परतले. ज्यांच्या घरी शेत होते, त्यांनी भात लावले आणि कसेबसे दिवस काढले. त्यांचेही हाल झाले, हे विसरता येणार नाही. पण ज्यांच्या नावावर गुंठाभरही जमीन नव्हती, त्यांना मिठागर किंवा वीटभट्टी याशिवाय वाट नव्हती. संप एकच होता, मात्र त्याची झळ प्रत्येक घराला सारखी लागली नाही.

तिसरे कारण मामांच्या दृष्टीपलीकडचे होते. गिरण्यांची यंत्रे जुनी झाली होती. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर कापड स्वस्तात निघत होते. 1946 च्या औद्योगिक संबंध कायद्यानुसार वाटाघाटीचा अधिकार केवळ मान्यताप्राप्त संघटनेला होता, आणि बहुसंख्य कामगारांचा तिच्यावरचा विश्वास उडाला होता. त्यातच गिरण्यांखालची जमीन सोन्याच्या मोलाची झाली. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींच्या विकासाला वाट करून दिली. पुढे तेथे मॉल आणि मनोरे उभे राहिले. गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाची मोठी सोडत 2012 साली निघाली. मामा तोवर हयात नव्हते.

ही जुनी गोष्ट झाली, असे कोणी म्हणेल. म्हणून आता मामांच्या मुलाविषयी लिहितो. तो आयटीआय झाला. आपल्याच जिल्ह्यातील एका कारखान्यात अकरा वर्षे राबला. या काळात ठेकेदार चार वेळा बदलला. यंत्र तेच, पाळी तीच, फाटकही तेच. एका सोमवारी फाटकावर त्याचा पास काढून घेण्यात आला. आपल्या कामगार कायद्यांत जुने तत्त्व आहे की, कपात केलेल्या कामगाराला पूर्ण केलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यावा. अकरा वर्षांचा हिशेब 165 दिवसांचा होतो. पण कागदोपत्री त्याची नोकरी फक्त शेवटच्या ठेकेदाराकडची, जेमतेम दोन वर्षांची होती. बाकीची नऊ वर्षे कोठेच नोंदलेली नव्हती.

ठेकेदाराकडेच काम का करावे लागले, हाही प्रश्न विचारला पाहिजे. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी अनेकांची घरे रेल्वे, गोदी, नगरपालिका आणि सरकारी कारखाने यांतील राखीव जागांमुळे उभी राहिली. वडखळहून जवळच असलेला नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प मुळात केंद्र सरकारच्या कंपनीचा होता. 2002 साली सरकारने त्या कंपनीतील 26 टक्के हिस्सा विकून व्यवस्थापन खासगी उद्योगसमूहाकडे दिले आणि 2007 साली तिचे त्या समूहात विलीनीकरण झाले. रसायनी येथील हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने 2017 साली घेतला. खासगी उद्योगांना आरक्षणाचे बंधन नाही. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने कपात करण्यापूर्वी किंवा कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेण्याची अट शंभराऐवजी तीनशे कामगारांच्या कारखान्यांपासून लागू केली. यांतील एकही निर्णय माझ्या मामेभावाला विचारून झालेला नाही. तरीही परवा तो मला म्हणाला, ‘‘दादा, माझंच नशीब वाईट.’’ त्याने आपल्या वडिलांचेच वाक्य उचलले होते.

त्या वाक्याने मी अस्वस्थ झालो. नशिबाची ही भाषा आपल्या घरांत अजून टिकावी, ही खेदाची गोष्ट आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माने आजची दैना ठरते हा विचार नाकारला. तो मानल्यास दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी समाज आणि शासन यांच्यावर उरतच नाही, हे त्यांनी ओळखले होते. कूटदन्त सुत्तातही चोऱ्यामाऱ्यांनी त्रस्त झालेल्या राजाला शिक्षेऐवजी निराळा सल्ला मिळतो: शेतकऱ्याला बियाणे द्यावे, व्यापाऱ्याला भांडवल द्यावे, सेवकाला वेतन द्यावे. दुःखाला कारण असते आणि ते कारण दूर करता येते, ही शिकवण रोजगारालाही लागू पडते.

आपल्या परिसराने हे एकदा करूनही दाखवले आहे. पोयनाडजवळच्या चरी गावच्या कुळांनी 1933 साली खोतांविरुद्ध संप पुकारला आणि सुमारे सहा वर्षे जमीन कसली नाही. त्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली आपल्या दारिद्र्याचे कारण खोती पद्धतीत शोधले. बाबासाहेबांनी त्यांना पाठिंबा दिला आणि 1937 साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले.

माझा आग्रह साधा आहे. वैयक्तिक कष्टाला आणि शिक्षणाला पर्याय नाही, हे मी या शाळेतच शिकलो. परंतु शिकलेल्यांनी न शिकलेल्या नातलगाकडे बोट दाखवावे, यासाठी ते शिक्षण नव्हते. माजी विद्यार्थ्यांत आज वकील आहेत, लेखापाल आहेत, कामगार खात्यात काम केलेले आहेत. त्यांनी महिन्यातून एक रविवार शाळेत बसावे. ठेक्यावरच्या मुलांनी हजेरीचे कार्ड, पगाराची चिठ्ठी, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक पहिल्या दिवसापासून कसे जपावे, ठेकेदाराने वेतन बुडवले तर मूळ मालकाकडे ते कसे मागावे, हे त्यांना सांगावे. पालकांनीही नोकरी गेलेल्या मुलाला ‘तुझे काय चुकले’ असे विचारण्याआधी ‘काय घडले’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने मूल गप्प होते. दुसऱ्याने ते बोलू लागते आणि मग पुढचा मार्ग निघतो.

मामेभावाची कागदपत्रे आता आम्ही दोघे मिळून जुळवतो आहोत. जुन्या सहकाऱ्यांपैकी सहा जण सापडले आहेत. निकाल काय लागेल ते ठाऊक नाही, पण तो आता नशिबाविषयी बोलत नाही.

मामांची क्षमा मागायची मात्र राहून गेली. त्या रविवारी मित्रांनी विचारले तेव्हा मी सांगायला हवे होते: हे माझे मामा. वीस वर्षे गिरणीत राबले. माझी पेटी यांनीच घेऊन दिली आहे.