विश्वविनायक : मांडवातला आणि मनातला

गेल्या गणेशोत्सवात आमच्या पेठेतल्या मंडळात एक छोटासा वाद झाला. आरती आटोपल्यावर मी ध्वनिक्षेपकावर 'विश्वविनायक' लावले. एक वडीलधारे काका म्हणाले, "हे काय लावलंयस लेका? देवाचं हाय का सिनेमातलं?" तोच मागून पोरे ओरडली, "बंद कर रं, ह्येच्यावर नाचता येत न्हाई!" दोन्ही बाजूंना नावडलेल्या त्या संगीताची बाजू मांडावी, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

'विश्वविनायक' हा गणेशस्तोत्रांचा संग्रह 2001 साली टाइम्स म्युझिकने काढला. एस. पी. बालसुब्रह्मण्यम आणि शंकर महादेवन यांच्यासारखे गायक त्यात गायले. परंतु संगीतकार अजय आणि अतुल गोगावले हे बंधू तेव्हा फारसे कुणाला ठाऊक नव्हते. वडील महसूल खात्यात नोकरीला, बालपण जुन्नर, शिरूर, राजगुरुनगर अशा तालुक्याच्या गावी गेलेले. घरात गाण्याची परंपरा नाही, रीतसर तालीम नाही. अशा दोघांनी संस्कृत स्तोत्रांना पाश्चात्त्य सिंफनीच्या धर्तीची भव्य स्वररचना दिली. पुढे 'जोगवा'च्या संगीतासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि 2016 सालच्या 'सैराट'साठी त्यांनी थेट लॉस एंजेलिसला जाऊन वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. पण 'सैराट'मधल्या त्या व्हायोलिनांचे बीज मला 'विश्वविनायक'मध्येच दिसते.

काकांचा आक्षेप असा की, देवाच्या गाण्याला परकी वाद्ये कशाला? मी नम्रपणे विचारतो, आपल्या भजनातली पेटी तरी कुठून आली? ती युरोपातूनच आली आणि आज तिच्यावाचून भजन उभे राहत नाही. वाद्य परके की आपले, हे त्याच्या जन्मगावावरून ठरत नाही; त्याच्यातून काय वाजते, यावरून ठरते.

पोरांचा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. मोठा आवाज म्हणजेच भव्यता, अशी आपली समजूत झाली आहे. विसर्जन मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीपुढे छाती धडधडते, पण गाण्याचे शब्द ऐकू येत नाहीत. 'विश्वविनायक'मध्ये समूहस्वर आहेत, तालवाद्ये आहेत, तरीही स्तोत्राचा एकेक शब्द स्पष्ट ऐकू येतो. आवाज लहान ठेवला तरी त्याची भव्यता उणी होत नाही. माझ्या मते खऱ्या भव्यतेची हीच कसोटी आहे.

आता थोडे स्वतःविषयी. शाळेत असताना मी एका गायनवर्गात नाव घालायला गेलो होतो. "घरी कोण गातं? पेटी आहे का?" असे दोनच प्रश्न मला विचारले गेले. दोन्हींना माझे उत्तर नकारार्थी होते. मी परत आलो, तो पुन्हा गेलो नाही. संस्कृतचेही तसेच. स्तोत्र म्हणजे गुरुजींनी भरभर म्हणायचे आणि आम्ही हात जोडून उभे राहायचे. 'विश्वविनायक' ऐकताना प्रथमच ते शब्द माझ्या तोंडी बसले, अर्थ विचारावासा वाटला. यंदा मी संस्कृतच्या प्राध्यापकांना तो विचारलाही.

आपले कोल्हापूर अल्लादियाखाँसाहेबांचे. शाहू महाराजांनी त्यांना आपल्या दरबारी मानाने ठेवले. त्या वारशाचा अभिमान मलाही आहे. पण ज्याच्या घरी तंबोरा नव्हता, त्याने ह्या वारशाकडे दुरूनच पाहायचे काय? गोगावले बंधूंनी कुणाची परवानगी मागितली नाही. त्यांनी जे जे कानावर पडले ते मनापासून ऐकले आणि स्वतःचे असे काही उभे केले. मला तर त्यात शिक्षणाचाच अर्थ सापडतो.

तेव्हा मित्रहो, यंदा मांडवात आरती झाल्यावर आवाज थोडा कमी करून पाहूया. काका, तुम्हीही बसा. नाचायला मिरवणूक आहेच. एक संध्याकाळ नुसते ऐकायला काय हरकत आहे?