आग्नेयेकडचं आभाळ
गेल्या महिन्यात आम्ही केबल काढून टाकली आणि गच्चीवर दूरदर्शनच्या डीडी फ्री डिशची छत्री बसवली. छत्री आणि सेट-टॉप बॉक्सचा खर्च एकदाच, पुढे ना महिन्याचं भाडं ना रिचार्ज. २००४च्या डिसेंबरात ही सेवा डीडी डायरेक्ट प्लस या नावानं सुरू झाली. आम्हाला जाग यायला फार उशीर झाला. खरी मेहनत दिशा साधण्याची. जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला, विषुववृत्तावर जवळजवळ ३६ हजार किलोमीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्याकडून आग्नेयेला. मध्ये झाडाची फांदी आली तरी चित्र फुटतं, मुसळधार पावसात तर फुटतंच. पैसे भरून बघायच्या वाहिन्या इथे नाहीत. क्रिकेटवेड्या घरांनी हे आधी नीट बघावं. पण ज्या घरात महिन्याचे दोन-तीनशे रुपयेही मोजून खर्च होतात, तिथे ही छत्री मोठा आधार आहे, आणि सरकारनं ती कधीही बंद पडू देऊ नये. आई आता रोज संध्याकाळी स्वतः रिमोट घेऊन सह्याद्रीच्या बातम्या लावते.