पाच शब्द पुरेत

काही वर्षांपूर्वी एका ख्रिस्ती स्नेह्याच्या आग्रहावरून मी त्याच्या प्रार्थनासभेला गेलो होतो. सुरुवात कोंकणी गीतांनी झाली. मग हात वर गेले, डोळे मिटले आणि बघता बघता ओळखीचे शब्द संपले. शेजारची बाई कुठल्याच भाषेत न बसणारे काहीतरी भराभर बोलत होती. मला देवळातला अवसर आठवला. बाहेर आल्यावर स्नेही हसून म्हणाला, "भियेलो मरे तूं?" भ्यालो नव्हतो, पण परका मात्र झालो होतो.

हा परका माणूस संत पौलाच्या नजरेत होता. इ. स. ५५ च्या सुमारास करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात त्याने हाच प्रश्न घेतला आहे. बाहेरचा कुणी आत आला आणि सगळेच अन्य भाषांत बोलत असले, तर तो तुम्हाला वेडे म्हणणार नाही का, असे तो विचारतो. न कळणाऱ्या दहा हजार शब्दांपेक्षा समजणारे पाच शब्द त्याला अधिक मोलाचे वाटतात. पण तो बंदी घालत नाही. दोघांनी, फार तर तिघांनी, एकामागून एक बोलावे. एकाने अर्थ सांगावा. अर्थ सांगणारा नसेल तर सभेत गप्प राहून मनात देवाशी बोलावे. एवढाच नियम. मला तो शिस्तीपेक्षा शेजारधर्माचा वाटतो.

अन्य भाषांची आधुनिक चळवळ सांगताना लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटचे आणि विल्यम सेमूर या कृष्णवर्णीय उपदेशकाचे १९०६ साल हमखास येते. आपण मराठी माणसे मात्र केडगाव विसरतो. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जागृतीची लाट आली. मुली रडत, मोठमोठ्याने एकाच वेळी प्रार्थना करत. पुढे अन्य भाषाही आल्या. पौलाच्या "एकामागून एक" या नियमात हे बसत नाही. टीका झाली, तेव्हा रमाबाई या मुलींच्या बाजूने उभ्या राहिल्या.

का राहिल्या असतील? त्यातल्या कितीतरी जणी बालविधवा होत्या, दुष्काळातून वाचलेल्या होत्या. ज्यांना आयुष्यभर गप्प बसवले गेले, त्यांच्या तोंडून पहिल्यांदा आवाज निघाला, तर लगेच शिस्तीची छडी उगारायची? याच चौदाव्या अध्यायात स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे, असेही वाक्य आहे आणि त्यावर अभ्यासकांचे वाद आजही चालू आहेत. शिस्त कुणाच्या सोयीची, हे विचारायलाच हवे.

पण रमाबाई तिथेच थांबल्या नाहीत. त्याच केडगावात त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षे घालवली. १९२२ साली त्या गेल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली निघाला. न कळणाऱ्या बोलांना जागा देणारी बाई कळणाऱ्या शब्दांसाठी इतकी झिजली, यातच सगळे आले.

आणि नुसत्या शिस्तीचा टेंभा कुणी मिरवू नये. गोव्यात शतकानुशतके मिस लॅटिनमध्ये होत होती. अगदी शिस्तीत, पण समोरच्या गावकऱ्याला कळत काय होते? हे ओळखून फादर स्टीफन्सनी १६१६ साली 'क्रिस्तपुराण' मराठीत छापले. प्रत्यक्ष उपासनेत मात्र लोकभाषा आली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५). आम्ही हिंदूंनीही हसू नये. भटजींच्या संस्कृत मंत्रांना आम्ही वर्षानुवर्षे माना डोलावतच आलो आहोत.

तेव्हा माझे मत साधे आहे. कुणाच्या कंठातून काय फुटते, ते त्याचे आणि त्याच्या देवाचे. पण सभा सर्वांची असते. एकाचा उमाळा दुसऱ्यासाठी भिंत होत असेल, तर अर्थ सांगणारा हवाच.

त्या दिवशी माझ्या स्नेह्याने शेजारी बसून कानात पाच शब्द सांगितले असते, तरी मी परका उरलो नसतो.