कॉ. पानसरे : न्यायालयातले आणि वर्गातले

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याची ओळख सहकारामुळे झाली. पण याच मातीने लढाऊ डावे नेतेही दिले. संगमनेरचे कॉ. दत्ता देशमुख हे त्यातील एक ठळक नाव. दुसरे कॉ. गोविंद पानसरे. प्रवराकाठच्या कोल्हार गावी १९३३ साली गरीब कुटुंबात जन्मलेले पानसरे राहुरीत शिकले आणि उच्च शिक्षणासाठी कोल्हापूरला गेले. तिथे वृत्तपत्रे विकणे, नगरपालिकेत शिपायाचे काम, मग प्राथमिक शिक्षकाची नोकरी, असे करत ते १९६४ मध्ये वकिलीत उतरले. शिवाजी विद्यापीठात त्यांनी कामगार कायदे शिकविले, ते या सगळ्या अनुभवाच्या शिदोरीवर.

पानसरे यांचे स्मरण बहुधा 'शिवाजी कोण होता?' या १९८८ च्या पुस्तिकेपुरते होते. पुस्तिकेचे मोल मोठेच. मात्र त्यामुळे घरकामगार, फेरीवाले, रिक्षाचालक यांच्यासाठी त्यांनी उभे केलेले काम झाकोळले जाते. असंघटित कामगाराची खरी अडचण कायदा नसणे ही नव्हेच. आपण कामगार आहोत, हेच त्याला सिद्ध करता येत नाही. हजेरीपट नाही, पगारपत्रक नाही, मालक कोण याचा पत्ता नाही. अशा माणसाला वकीलपत्रापूर्वी आवश्यक असते ती हक्कांची जाण, आणि ती संघटनेतूनच येते. पानसरे यांच्या पुस्तिका, व्याख्याने आणि मोर्चे यांना जोडणारा धागा हाच होता.

आज तो धागा पुन्हा पाहावा लागतो. २९ कायदे मोडीत काढून केलेल्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र, ही त्यातील स्वागतार्ह तरतूद. परंतु कामगारकपातीसाठी सरकारी परवानगीची मर्यादा शंभरावरून तीनशे कामगारांवर नेल्याने लहान कारखान्यांतील कामगार उघडा पडला. शिवाय पानसरे यांच्याच जिल्ह्यात पाथर्डी, शेवगाव, जामखेडहून कोयता घेऊन निघणाऱ्या ऊसतोड जोडप्यास नियुक्तिपत्र देणार कोण? उचल देतो मुकादम, ऊस गाळतो कारखाना. आणि मालक म्हणून पुढे यायला दोघेही नाखूश.

हे प्रश्न कामगारांच्या सभेत सोप्या मराठीत मांडणारी माणसे मोजकीच उरली आहेत. पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ रोजी सकाळी कोल्हापुरात गोळ्या झाडण्यात आल्या. पत्नी उमाताईही जखमी झाल्या. २० फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले. आरोपनिश्चिती होण्यास जानेवारी २०२३ उजाडावा लागला. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तपासावरील देखरेख थांबवून खटला जलद चालविण्याचे आदेश दिले आणि त्याच महिन्यात सहा आरोपींना जामीनही मंजूर झाला. आयुष्यभर कष्टकऱ्यांना न्यायालयाची पायरी चढायला शिकविणाऱ्या वकिलाच्या हत्येचा खटला आरोपनिश्चितीपर्यंत यायलाच जवळपास आठ वर्षे लागली.