मुरमाचा भराव दिल्लीहून येत नाही

हवामानबदल हा दिल्ली-मुंबईचा विषय, सांगलीसारख्या शहरानं गटारं आणि रस्ते सांभाळावेत, असं मत अलीकडे मोठ्या आत्मविश्वासानं मांडलं जातं. आपला धूर तो केवढा, कायदे करणार राज्य सरकार, तिजोरीत खडखडाट. मग हवामान आराखड्याचं थेर हवंय कशाला?

धूर थोडा आहे, मान्य. पण ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेची पातळी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. धूर कुणाचा, हे पाहून पाणी घरात शिरलं नाही.

'कायदा आमच्या हातात नाही' ही सबब मात्र मला सर्वांत जास्त चीड आणते. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनं बारावी अनुसूची आणली. नगर नियोजन, जमिनीचा वापर, बांधकामाचं नियमन, पर्यावरणरक्षण हे सारे विषय तिच्यात आहेत. विकास आराखडा महापालिका तयार करते, बांधकाम परवाना तीच देते. नदीकाठी पूररेषा दोन: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. दोन्हींच्या मधल्या घराचं जोतं लाल रेषेच्या वर घ्या, असं नियम सांगतो. पण घ्यायचं कसं? खांबांवर घेतलं तर खालून पाण्याला वाट राहते. मुरूम ओतून घेतलं तर तुमचं घर कोरडं राहतं आणि तेवढं पाणी शेजारच्या जुन्या, बैठ्या घरात जातं. असे भराव एकाला एक लागत गेले की ओढा नकाशावरच उरतो. हे डंपर अडवायला संसदेचा कायदा लागतो का? वॉर्डातल्या अभियंत्यानं अडवायचे असतात ते. आणि २०२० अखेरपर्यंतची गुंठेवारी, म्हणजे परवानगीविना गुंठ्यागुंठ्यानं पाडलेले प्लॉट, नियमित करायला राज्यानं मुभा दिली, तेव्हा त्या सवलतीसाठी कोण अडून बसलं होतं? गल्लीतलेच पुढारी.

महापूर आला की कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाकडे बोट दाखवायचं, हा वाद तर जुनाच. धरणाच्या पाणीपातळीचा हिशेब दोन्ही राज्यांनी चोख ठेवावाच. पण सांगलीतल्या शामरावनगरात नदी पात्रात असतानाही नुसत्या पावसानं पाणी तुंबतं. ते काय अलमट्टीतून येतं?

राहिला पैसा. भरावाला परवानगी नाकारायला दमडी लागत नाही.

शहरानं करायचं ते असं: पूरपट्ट्यातलं नवं बांधकाम खांबांवरच, मुरमावर नाही. प्रत्येक परवान्यावर आणि झोन दाखल्यावर त्या जागेची पूररेषा आणि २०१९ ची पातळी छापा, म्हणजे कर्ज काढून घर घेणाऱ्याला आधी कळेल. ओढ्यांची मूळ रुंदी मोजून हद्दीचे दगड रोवा. आयुक्तांनी दरवर्षी महासभेपुढे ठेवायच्या पर्यावरण अहवालात या कामांचा वॉर्डनिहाय हिशेब मागा, आणि तो नसेल तर अहवाल परत पाठवा.