आज्ञावलीनें बिऱ्हाड कोठें करावें ?

चांदा जिल्ह्याला १९६४ सालीं चंद्रपूर हें नांव मिळालें, आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजीं त्यांतूनच गडचिरोली हा निराळा जिल्हा झाला. गांवें जागचीं हललीं नाहींत. पत्ते मात्र बदलले. अशा वेळीं जुन्या पत्त्यावरच अडून बसणारा कारकून केवढा घोटाळा करील! संगणकाच्या आज्ञावलींतहि असा हट्ट आढळतो, आणि त्याचा जाच विद्यार्थ्यांना होतो, म्हणून या महिन्यांत त्याविषयीं लिहीत आहों.

मूळ लिखाणापासून आज्ञावली बांधतांना तयार झालेले भाग कोठें ठेवावयाचे, हें ठरवावें लागतें. यूनिक्स वळणाच्या यंत्रांवर ते बहुधा ‘/यूएसआर/लोकल’ या सामायिक कोठारांत जातात. पण त्याची किल्ली व्यवस्थापकाच्या कमरेला! गडचिरोलीच्या एखाद्या महाविद्यालयांत सामायिक यंत्रावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याच्या वांट्याला येतो तो ‘होम’ नांवाचा एक कप्पा. एकत्र कुटुंबांतील सुनेची स्वतःची पेटीच म्हणा ना! लेखकानें ‘प्रीफिक्स’ची सोय ठेवली असेल, तर बांधणीच्या आरंभीं या कप्प्याचा पत्ता देऊन विद्यार्थी आपलें काम साधतो. कोठाराचा पत्ता जागोजाग कोरून ठेवला असेल, तर आज्ञावली फुकट असूनहि त्याला हात हलवीत परतावें लागतें.

दुसरी सोय ‘डेस्टडिर’ची. लेकीची पेटी माहेरच्या पडवींत भरतात, पण वर पत्ता सासरचा घालतात. प्रीफिक्स हा सासरचा पत्ता. डेस्टडिर ही पडवी. इतरांच्या यंत्रांवर पाठवावयाचीं गांठोडीं डेबियनची मंडळी याच रीतीनें बांधतात. मात्र पडवीचा पत्ता चुकून पेटीच्या आंत लिहिला गेला, तर सासरीं पोंचलेली आज्ञावली तेथेंहि माहेरची पडवीच शोधीत बसेल!

ग्नू प्रकल्पाच्या नियमांत या दोन्ही सोयी सांगितलेल्या आहेत. आज्ञावली लिहिणाऱ्या तरुणांना आमचें सांगणें इतकेंच, कीं पत्ता एकाच ठिकाणीं लिहावा. नवख्यासाठीं नेहमींची जागा सुचवावी, पण ती बदलण्याची मुभा ठेवावी. आणि प्रसिद्ध करण्यापूर्वीं व्यवस्थापकाचे अधिकार न वापरतां एकदां निराळ्या जागीं बांधून पाहावें. घरांतील मुलगा वा मुलगी ‘परवानगी नाहीं’ म्हणून हिरमुसलीं, तर वडिलांनीं यंत्र बदलण्याआधीं विचारावें, ‘प्रीफिक्स देऊन पाहिलेंत काय?’