वास्तुविशारद की अभियंता? वऱ्हाडात माती आणि ऊनही विचारात घ्यावे लागते

अमरावती/अकोला (खास प्रतिनिधी) : प्लॉटची खरेदी झाली, कर्ज मंजूर झाले, आता नकाशा कोणाकडून काढावा? अमरावती आणि अकोला शहरांत घर बांधू पाहणाऱ्या कुटुंबापुढे हा प्रश्न पहिल्याच पायरीवर उभा राहतो. वास्तुविशारदाचे शुल्क अनावश्यक वाटते, अभियंता 'सर्वच करून देतो' असे सांगितले जाते आणि प्रत्यक्षात अनेकदा अखेरचा शब्द ठेकेदाराचा ठरतो. कायद्याने ही निवड बहुतांशी मालकावर सोडली आहे. चुकीची किंमतही त्यालाच मोजावी लागते.

संरक्षण नावाला, कामाला नाही

वास्तुविशारद अधिनियम, १९७२ च्या कलम ३७ नुसार वास्तुविशारद परिषदेकडे नोंदणी नसलेल्या व्यक्तीस 'वास्तुविशारद' हे नामाभिधान वापरता येत नाही. हे बंधन केवळ नावापुरते की व्यवसायालाही लागू, हा वाद नोएडा प्राधिकरणातील पदांच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. १७ मार्च २०२० रोजी न्यायालयाने स्पष्ट केले, की कायदा नामाभिधानाला संरक्षण देतो. आराखड्याचे काम इतरांनी करण्यावर तो बंदी घालत नाही. म्हणजेच अभियंत्याने घराचा आराखडा तयार करणे बेकायदा नाही, मात्र त्याला स्वतःस वास्तुविशारद म्हणवून घेता येणार नाही.

राज्यात डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या एकीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीतही वास्तुविशारद, अभियंता, संरचना अभियंता आणि पर्यवेक्षक यांची पात्रता व कर्तव्ये स्वतंत्रपणे नमूद आहेत. कोणत्या कामावर कोणाची सही चालते, हे तेथे ठरते. घर कसे उभे राहील, हे मात्र जागेवरच ठरते.

काळी माती, खारे पाणी

पूर्णा खोऱ्यातील काळी कापसाची जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. उथळ पायावरील भिंतींना तडे जाण्याचे हे प्रमुख कारण. अशा ठिकाणी पाया मुरमापर्यंत नेणे किंवा तळाशी रुंद होत जाणारे काँक्रीटचे पाइल घेणे, हे उपाय मातीची तपासणी करूनच ठरवावे लागतात. अकोला महापालिकेच्या २०१६ च्या हद्दवाढीनंतर गावांच्या शिवारातील जमीनही शहरात आली, त्यामुळे ही तपासणी अधिकच आवश्यक ठरते.

दुसरा प्रश्न पाण्याचा. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतील खारपाणपट्ट्यात बोअरचे पाणी थेट काँक्रीटमध्ये वापरणे धोक्याचे आहे. सळई असलेल्या काँक्रीटसाठीच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, अशी भारतीय मानक ४५६ ची मर्यादा आहे. ती ओलांडल्यास सळई गंजते, फुगते आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात. ही बाजू संरचना अभियंत्याची आहे. स्थापत्य शाखेची पदविका किंवा पदवी असलेला प्रत्येक जण संरचनेच्या गणितात तरबेज असतोच असे नाही.

उन्हाचा हिशेब

उन्हाळ्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पश्चिमेची भिंत कोठे येते, खिडकीवर सावली पडते का, हवा आरपार खेळते का, जिना आणि स्वयंपाकघर कोणत्या दिशेला, यावर घरातील राहणे अवलंबून असते. वऱ्हाडातील जुन्या वाड्यांचे मातीचे जाड भिंतवाडे आणि मधला चौक याच हिशेबातून आले. आज ३० फूट रुंदीच्या प्लॉटवर हा विचार करण्याचे शिक्षण वास्तुविशारदाने पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात घेतलेले असते. त्याचे शुल्क एकदाच द्यावे लागते. चुकीच्या रचनेमुळे कूलरचे बिल मात्र दर उन्हाळ्यात भरावे लागते.

खरा धोका तिसराच

वास्तुविशारद की अभियंता, या वादात मूळ धोका झाकला जातो. मंजुरीपुरता नकाशा काढायचा, त्यावर सही घ्यायची आणि बांधकाम ठेकेदारावर सोपवायचे, या पद्धतीत दोघांपैकी कोणीही जागेवर फिरकत नाही. पुढे मूळ हिशेबात नसलेला मजलाही चढतो.

इमारतीची प्रकृती वेळीच तपासली न गेल्यास काय होते, हे अमरावतीने पाहिले आहे. प्रभात टॉकीज परिसरातील जीर्ण इमारत ३० ऑक्टोबर २०२२ रोजी कोसळून पाच जणांचा बळी गेला. तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचना तपासणी महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ नुसार बंधनकारक आहे. नव्या घराचे मालक ही शिस्त पहिल्या दिवसापासूनच पाळू शकतात.

लहान, साध्या, एकमजली घरासाठी संरचनेचा अनुभव असलेला अभियंता पुरेसा ठरू शकतो. अडचणीचा प्लॉट, दोनपेक्षा अधिक मजले, खाली दुकाने व वर घर किंवा रुग्णालय असल्यास वास्तुविशारद आणि संरचना अभियंता दोघेही हवेत. काम कोणालाही द्या. नोंदणी क्रमांक, मातीचा अहवाल, सळईचा तपशीलवार नकाशा आणि जागेवर किती वेळा येणार याची लेखी हमी, या चार गोष्टी करारात आल्याखेरीज पहिली कुदळ मारू नये.